आजोबांच्या बंदुकीची जादा नळी ऑनलाइन विकली तर चालेल का?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: आजोबा वारल्यावर त्यांची बाराबोअर पोलिसांत जमा केली, पण मुरबाडच्या घरात तिची जादा नळी आणि चापाचे सुटे भाग आता सापडलेत, हे ‘नुसतं लोखंड’ कळव्याला आणून ऑनलाइन विकावं का?

नाही. जाहिरात टाकली असेल तर आधी ती काढा.

मी ठाणे कोर्टात वकिली करतो. ‘नुसतं लोखंड’ हे पक्षकारांचं आवडतं वाक्य आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मात्र बंदुकीच्या व्याख्येतच तिचे सुटे भाग धरतो, सायलेन्सरही धरतो. कलम ५ नुसार परवान्याशिवाय विकणं तर सोडाच, विक्रीला काढणं किंवा विकण्यासाठी जवळ बाळगणंही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

कुणीतरी तुम्हाला कलम ४५ दाखवेल. किरकोळ भाग, तेही दुसऱ्या भागांना जोडून वापरायचे नसतील, तर ते जवळ ठेवायला तिथे सूट आहे खरी. पण ती सूट बाळगण्याची. विकण्याचा त्यात शब्दही नाही. शिवाय अख्ख्या नळीला किरकोळ म्हणायला मी तरी न्यायाधीशांसमोर उभा राहणार नाही.

स्वतःचं शस्त्र खाजगीत विकायची वाट कायद्यात आहे. घेणारा परवानाधारक हवा, त्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि ४५ दिवस थांबायचं. पण ती परवानाधारकासाठी. तुमच्याकडे परवाना नाही, म्हणून तुमच्यासाठी कलम २१: वस्तू विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. वारस म्हणून ठरलेल्या मुदतीत पात्र माणसाला ती विकायला संमती देता येते आणि पैसे तुम्हालाच मिळतात. मुदत गेली की माल सरकारजमा होऊ शकतो.

नळी पिशवीत घालून लोकलने कळव्याला आणू नका. ती मुरबाडलाच राहू द्या आणि तिथल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. मुरबाड ग्रामीण पोलिसांकडे, कळवा ठाणे आयुक्तालयात. हद्द ओलांडलीत की नसता घोळ वाढेल. नळीवर ठोकलेला नंबर आजोबांच्या परवान्यातल्या नंबराशी ताडून अर्जात लिहा, मृत्यूचा दाखला आणि बंदूक जमा केल्याची पावती जोडा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.