जाग आली म्हणजे उतरली नाही, लेका

लेका, तुझा मेसेज तीनदा वाचला. कासकडं पार्टीत दारू झाली, वरनं दोन कॅन एनर्जी ड्रिंक मारलं, फ्रेश वाटलं, यवतेश्वरचा घाट नीट उतरून आलास, मग दादा एवढा का ओरडला म्हणतोस. बरोबर ओरडला. जाग आली म्हणजे उतरली नाही. एवढं डोक्यात फिट्ट बसव, बाकी नाही वाचलंस तरी चालेल.

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचतं, ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की पेंग येते, आणि दारू ते अजून वाढवते. कॅफिन काय करतं, तर एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं त्या जागा आधीच अडवून बसतं. अ‍ॅडिनोसिन मग उभ्यानं लोंबकळतं. पण ते गाडीतच आहे ना रे! शिवाय दारू फक्त पेंग आणत नाही, ती गाबाच्या, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाच्या, वाटेनं हातपाय ढिले करते, अंदाज चुकवते, तिथं कॅफिनचं फार काही चालत नाही. उलट पेंग येते म्हणून माणूस ग्लास खाली ठेवतो, गप पडतो. ती पेंगच घालवलीस तर थांबवणार कोण?

दारू काढायचं काम लिव्हरचं, आणि ते आपल्या चालीनंच करतं, तासाला साधारण एक 30 एमएलचा पेग. कॉफी पाज, लिंबू पाज, बादलीभर गार पाणी ओत, चाल तीच. तुझे 60 चे तीन म्हणजे सहा तास धर. कायद्यात 100 एमएल रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि पोलिसाच्या मशीनला तुझं फ्रेश वाटणं दिसत नाही.

मी हे पुस्तकातनं सांगत नाहीये. 1999 साली ह्याच घाटात मी पिऊन स्कूटरवर मित्राला मागं घेऊन उतरत होतो. त्याआधी टपरीवर तीन कडक चहा घेतले होते, बशीत ओतून, आणि बशी बोटांवर धरून सगळ्यांना दाखवली पण होती, बघा थेंब सांडत नाही. सगळेच म्हणाले तूच चालव, सगळ्यात शुद्धीत तूच दिसतोस. शुद्धीत नव्हतो रे, जागा होतो. वळण दिसलं, नीट दिसलं, हात मात्र उशिरा वळला. त्याच्या पायात अजून रॉड आहे. मला हनुवटीला चार टाके, बस.

म्हणून चिडतो. तू हुशार आहेस, पण ते "फ्रेश वाटलं" वाचलं की माझं टाळकं फिरतं. जाग आली म्हणजे उतरली नाही, किती वेळा लिहू? पुढच्या वेळी वरच झोपा, नाहीतर मला फोन कर, रात्री दोनला पण इको घेऊन येतो, घरी काही सांगणार नाही.

आणि एक सांगतो, त्या वळणावर तेव्हा खडी पसरलेली होती. बारीक खडी, अर्धा रस्ता भरून. ते मात्र कुणी कधी धरत नाही.