सोलापुरात राहून जॅझ बेसिस्ट आणि म्युझिक प्रोड्यूसर म्हणून करिअर होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात राहता, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चार तारांचा बेस (बेस गिटार) वाजवता, घरी लॅपटॉप आहे. जॅझ बेसिस्ट आणि प्रोड्यूसर म्हणून पोट भरेल का, आणि आधी काय शिकायचं, काय विकत घ्यायचं?

नुसत्या जॅझवर भरणार नाही. मुंबई-पुण्यात जॅझ वाजवणारेही शिकवण्या, जिंगल, रेकॉर्डिंगची सेशन्स आणि कॉर्पोरेट शो यांवर घर चालवतात. पण बेस आणि प्रॉडक्शन ही जोडी जमते, कारण गाण्याचा खालचा भाग आणि लय सांभाळणं हेच दोन्हीकडचं मुख्य काम. अमेरिकन बेसिस्ट मार्कस मिलर हे ठळक उदाहरण. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1986 च्या ‘टूटू’ अल्बममधल्या बहुतेक रचना त्याच्या, बेससकट बरीचशी वाद्यं त्यानेच वाजवलेली, आणि निर्माता टॉमी लिपुमाबरोबर निर्मितीतही तो होता. तुमच्यासाठी हिशेब सरळ आहे: वाजवायला बाहेरगावी जायचं, प्रॉडक्शन घरून करायचं.

आधी वाजवण्याचं. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस धरतो, ढोलक आणि ऑक्टोपॅड ठेका देतात, त्यामुळे मूळ सूर आणि पंचम वाजवून तुमचं भागतं. जॅझमध्ये पियानोवाला खालचे सूर मुद्दाम मोकळे सोडतो. मात्रा कुठे आहे आणि कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) कोणता आहे, हे दोन्ही बेसवरून कळतं. वॉकिंग बेस म्हणजे प्रत्येक मात्रेला एक सूर. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन असा क्रम घ्या. पहिल्या बारमध्ये (चार मात्रांच्या घरात) डी, एफ, ए, ए फ्लॅट. दुसऱ्यात जी, बी, डी, डी फ्लॅट. तिसऱ्याच्या पहिल्या मात्रेवर सी. चौथा सूर दर वेळी पुढच्या कॉर्डच्या मूळ सुरापासून अर्ध्या सुरावर आहे. ऐकणाऱ्याला पुढे ओढून नेणारा तोच. हे बाराही स्केलमध्ये बसवा, पण सुरुवात बी फ्लॅट आणि ई फ्लॅटपासून, म्हणजे तुमच्या काळी पाच आणि काळी दोनपासून करा. सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांमुळे जॅझची पुष्कळ गाणी तिथेच असतात.

मेट्रोनोम 120 ऐवजी 60 वर लावा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. ऑर्केस्ट्राच्या सवयीने ती हळूच पहिल्या-तिसऱ्यावर सरकते. सरकली की थांबून पुन्हा धरायची. दुसरी चूक ऐकू येते पण ओळखता येत नाही: बोट लवकर उचललं जातं. पुढचा सूर लागेपर्यंत आधीचा दाबून ठेवा, नाहीतर लय बरोबर असूनही चाल तुटक वाटते. रे ब्राउन आणि पॉल चेंबर्स हे जॅझचे बेसिस्ट ऐकताना सुरांइतकंच त्यांच्या लांबीकडे लक्ष द्या. एफ आणि बी फ्लॅटमधला 12 बारांचा ब्लूज, मग 32 बारांची एएबीए बांधणी (आठ बारांची एक चाल दोनदा, मग वेगळी, मग पुन्हा पहिली), आणि समोर ठेवलेला कॉर्डचा कागद न अडखळता वाचणं, इतकं पक्कं झालं की पहिल्या गिगला (कार्यक्रमाला) हरकत नाही.

उभा डबल बेस आत्ता घेऊ नका. किंमत लाखाच्या घरात जाते, तारेची लांबी इलेक्ट्रिकच्या 34 इंचांऐवजी 41-42 इंच, म्हणजे बोटांचं गणित नव्याने मांडावं लागतं. शिवाय सोलापूरचा एप्रिल-मे लाकडाला मानवत नाही. कोरड्या हवेत जोड उघडतात, फळीला चीर जाते. कूलर लावला तर हवा दमट होते, पण वाद्य त्याच्या झोतात ठेवलं की एका बाजूने फुगतं. तुमच्या इलेक्ट्रिकची मानही मार्चमध्ये आणि पाऊस लागल्यावर जुलैमध्ये तपासा. ट्रस रॉड (मानेतली तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. जॅझसाठी फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा घ्या. घामाने लवकर मरत नाहीत.

आता घरचं रेकॉर्डिंग. इथे बहुतेकांचं गाडं विजेमुळे आवाजात येणाऱ्या घरघरीवर अडतं. मेनची वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी 49 हर्ट्झचा. म्हणजे घरघर नेमकी तुमच्या सुराच्या अंगावर बसते आणि तो जी धरला की सेकंदाला एकदा हेलकावतो. इक्वलायझरने 50 कापायला जाल तर जी सुद्धा मरतो, म्हणून उपाय आधीच हवा. बोर्डातल्या तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत पुष्कळदा ती पिन नुसती शोभेची असते. वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवाला आवाजात करकर सोडतो. लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा ऐका. घरघर गेली तर दोषी चार्जर.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडला घर असेल तर यंत्रमागांचा दणका फरशीतून माइकपर्यंत येतो. बेस थेट ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावला की ही अडचण उरत नाही. सेटिंग असं: 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, पीक (आवाजाचं टोक) उणे 12 डेसिबलच्या आसपास, रेकॉर्डिंग करताना बफर 128 सॅम्पलचा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर चालेल: साठ दिवस वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक लायसन्स 60 डॉलरचं.

भिंतीवर सोलापुरी चादरी लावून खोली ‘साउंडप्रूफ’ होते, हा गैरसमज सोडा. चादर वरचे सूर शोषते, टाळीचा खणखणाट कमी होतो, बस. खालच्या ई ची आवाजलाट आठ मीटरहून लांब असते, तिला चादर दिसतसुद्धा नाही. कोपऱ्यांत चार-सहा इंच जाड रॉकवूल (दगडी लोकरीची गादी), भिंतीपासून थोडी जागा सोडून, कापडात शिवून उभं करा. चादर त्या कापडाच्या जागी वापरा, तिथे ती उत्तम. तोवर खालच्या सुरांबद्दलचे निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या, स्पीकरवर नाही. दहा बाय दहाच्या खोलीत एखादा सूर ढोलासारखा घुमतो आणि शेजारचा गायब होतो. त्यावर भरवसा ठेवून केलेलं मिक्स (सगळ्या ट्रॅकच्या आवाजाची जुळणी) गाडीत वाजवलं की उघडं पडतं.

प्रवासाचा विचार मानधन ठरवतानाच करा. हुतात्मा एक्स्प्रेस ही रेल्वे सकाळी पुण्याला नेते, पण संध्याकाळीच परत फिरते, त्यामुळे रात्रीच्या गिगनंतर तिचा उपयोग नाही. मुंबईचा कार्यक्रम लांबला तर परतीची रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस हुकते. एका रात्रीचा मुक्काम धरूनच आकडा सांगा.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा ‘निर्माता’ म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मिक्स करणारा प्रोड्यूसर नव्हे. त्यामुळे एखाद्या लेबलला बीट बनवून दिलं की मालकी सहसा लेबलकडे जाते. पण चाल तुमची असेल तर संगीतकार म्हणून रॉयल्टीतला तुमचा वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर लेबलला लिहून देता येत नाही. आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या, आणि चाल कोणाची, टक्के किती, हे काम सुरू होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी घ्या. निम्मे पैसे आगाऊ. मिक्समधल्या दुरुस्त्या दोनदा मोफत, तिसऱ्यांदा दर वेगळा, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा. आणि सगळे पैसे जमा होईपर्यंत सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) पाठवू नका, ऐकायला एमपीथ्री पुरे.