ग्रेड वन म्हणजे काहीच नाही का?

प्रश्न : वय ५२, वजन ७२ किलो, शुगर आठ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली तर ग्रेड वन फॅटी लिव्हर निघालं. आमच्याकडे दारूला कोणी शिवत नाही. शेजारच्या वहिनींना ग्रेड टू आहे तरी मस्त हिंडतात, म्हणून घरचे म्हणतात तू उगाच घाबरतेस. पण माझी आई लिव्हर सिरॉसिसने गेली, तीही कधी न पिता. रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६, आणि प्लेटलेट १ लाख ८० हजार. सध्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. काळजी करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी तो काढा बंद करा. लिव्हरसाठी म्हणूनच घेत असाल, पण गुळवेलीने लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये छापल्यात.

आता ग्रेडचं. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती साठलीय ते सांगते, लिव्हरवर व्रण (जखम भरल्यावर राहतो तसा कडक डाग) किती पडलेत ते नाही. हेच व्रण वाढत गेले की सिरॉसिस, आणि पुढचं सगळं त्या व्रणांवर ठरतं. त्यामुळे वहिनींची ग्रेड टू आणि तुमची ग्रेड वन यांची तुलनाच करू नका, त्यांना शुगर नसेल तर त्या खरंच तुमच्यापेक्षा बऱ्या असू शकतात. व्रण वाढवणाऱ्यांत शुगरचा नंबर पहिला, मग पोटाचा घेर (आपल्याकडच्या बायकांना ८० सेंमीच्या वर म्हणजे जास्त, साडीत कळत नाही, टेप लावून बघा), बीपी, पन्नाशीनंतरचं वय, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचं संरक्षण जातं ते, आणि घरात कुणाला सिरॉसिस. तुमच्यात यातलं बरंच एकत्र आलंय, म्हणून एसजीपीटी नॉर्मल आहे एवढ्यावर मी तरी गप्प बसणार नाही. व्रण असूनही तो आकडा नॉर्मल असतो, हे नेहमीचंच.

तुमच्याच आकड्यांवरून व्रणांचा अंदाज देणारा फिब-फोर नावाचा हिशोब होतो, फुकटात. वय गुणिले एसजीओटी म्हणजे ५२ × ४८ = २४९६. एसजीपीटीचं वर्गमूळ ६, त्याला प्लेटलेटने (हजारात, १८०) गुणलं की १०८०. भागाकार २.३. १.३ च्या आत असता तर मी निवांत झोपा म्हटलं असतं, २.६७ च्या वर असता तर लगेच पोटाच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं असतं, तुम्ही मध्ये अडकलात. अशा वेळी लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन करायचा, उपाशीपोटी, सुई नाही काही नाही, बरगडीवर टिचकी मारल्यासारखं होतं. आकडा ८ च्या खाली आला तर मोठे व्रण नसावेत असं धरतात.

औषधांआधी वजन. २०१५ च्या क्युबातल्या अभ्यासात ज्यांनी वर्षात दहा टक्के वजन उतरवलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे व्रण बायोप्सीत (लिव्हरचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कमी झालेले दिसले, तुमच्या हिशोबाने सात किलो. कॉफी आवडत असेल तर घ्या, ती लिव्हरला चांगली, पण बिनसाखरेची, आणि सोबत खारी-बटर नको.

सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही शुगर आणि लिव्हर तपासायला सांगा.