सुपाइन म्हणजे उताणा, प्रोन म्हणजे पालथा, पण कंबर म्हणजे नक्की कुठे?

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका ताईंनी विचारलंय, की शाळा सगळी मराठीतून झाली, आता सुपाइन, प्रोन, लॅटरल, प्रॉक्सिमल हे पेशंटच्या पोझिशनचे आणि शरीरातल्या दिशांचे शब्द काही केल्या डोक्यात राहत नाहीत, तर आधी परिभाषेतले उत्तान, अधोमुख, पार्श्व, समीपस्थ असे शब्द पाठ केले तर सोपं जाईल का.

ताई, मला नाही वाटत. एक यादी जड जातेय म्हणून दुसरी डोक्यावर कशाला घ्यायची, त्यापेक्षा घरात रोज बोलतो ते शब्द आधी नीट बघा, निम्मं काम तिथेच होतं.

सुपाइन म्हणजे उताणा. संस्कृत उत्तानचाच आपला उताणा झालाय, त्यामुळे परिभाषेतला शब्द तुम्हाला न शिकताच येतोय, फक्त वॉर्डात उत्तान म्हणू नका कारण आज तो शब्द ऐकला की लोकांना सिनेमातली दृश्यं आठवतात. प्रोन म्हणजे पालथा, काही घरांत उपडा म्हणतात. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कमी झालेल्या पेशंटना पालथं झोपायला सांगायचे ते हेच प्रोन, तसं झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग चांगला उघडतो. आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. इंग्रजीत हेच दोन शब्द हातालाही लागतात, तळहात वर केला की सुपिनेशन, खाली केला की प्रोनेशन, आणि मराठीतही अगदी तसंच आहे, आपण माणूस पालथा म्हणतो तसा हातही पालथा म्हणतो. तीर्थ घ्यायला हात पुढे करतो ना, तो सुपाइन. तोच हात पालथा करा, झाला प्रोन. एवढं एकदा हाताने करून बघितलं की परीक्षेत गोंधळ होणार नाही.

लॅटरलला कुशीवर. आणि लेफ्ट लॅटरल तर आपल्याकडे रोज दुपारी जेवणानंतर होते! वामकुक्षी म्हणजे वाम डावी आणि कुक्षी म्हणजे कूस, डाव्या कुशीवर आडवं होणं. एनिमा देतानाही पेशंटला डाव्या कुशीवरच घेतात, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो म्हणून पाणी उताराने आत जातं. फाउलर मात्र एका अमेरिकन सर्जनचं आडनाव आहे, त्याला मराठी शोधत बसू नका, दम लागलेल्या माणसाला पाठीला टेकू देऊन अर्धवट बसवतात ती पोझिशन, वॉर्डात सगळे प्रॉपअपच म्हणतात.

खरी पंचाईत शरीराच्या भागांची आहे कारण इथे आपले शब्द ऐसपैस आहेत. हात म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं, पाय पण तसाच. अॅनाटॉमीत मात्र आर्म म्हणजे फक्त दंड आणि लेग म्हणजे फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, मांडी त्यात येतच नाही. आपल्याकडे दंड, कोपर, मनगट, मांडी, नडगी, पोटरी, घोटा, पाऊल असे नेमके शब्द भरपूर आहेत पण पेशंट ते आपणहून वापरत नाही, तो म्हणतो पाय दुखतो. कंबर तर विचारूच नका. विठोबाचे हात टेकलेत ती कंबर, कंबर धरली म्हणतो तेव्हा ती पाठीचा खालचा भाग, आणि कमरेत इंजेक्शन दिलं म्हणतात तेव्हा ते असतं कुल्ल्यावर. माझ्या आईचा खुबा दुखायचा आणि ती सगळ्यांना कंबरच सांगायची, एका बोटाने दाखव म्हटलं तेव्हा कळलं. म्हणून शब्द ऐकला तरी बोट ठेवून दाखवायला सांगाच. त्यामानाने ओटीपोट किती नेमका शब्द आहे बघा, ओटी घेताना पदर धरतात त्यामागचं बेंबीखालचं पोट, पुस्तकातलं हायपोगॅस्ट्रियम साधारण हेच.

दिशांमध्ये वर-खाली वापरू नका, झोपलेल्या माणसाचं वर म्हणजे छत की डोकं? आपल्याकडे उशाकडे आणि पायथ्याकडे हे शब्द आहेत, माणूस उभा असो की आडवा, डोक्याकडचं क्रेनियल आणि पायांकडचं कॉडल यात बसतात. प्रॉक्सिमल-डिस्टलला मी झाड धरतो, धड म्हणजे खोड, बुंध्याकडचं ते प्रॉक्सिमल, शेंड्याकडचं ते डिस्टल, म्हणजे कोपर मनगटाला प्रॉक्सिमल. मिडियल-लॅटरलला घरचा शब्द पुरत नाही, तिथे उभं राहूनच शिकायचं, तळहात समोर करून. मग करंगळी शरीराच्या मधल्या रेषेकडे येते म्हणून ती मिडियल आणि हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला जातो म्हणून तो लॅटरल, पायाचं बरोबर उलट, तिथे अंगठा मिडियल. आणि डावं-उजवं कायम पेशंटचं, समोर उभ्या असलेल्या तुमचं नाही.