माटोळी कुणी बांधायची?

फोंड्याहून एक ताई लिहितात: ‘पणजीला नोकरी. पहाटे पाचला उठते. डबे, मुलांची शाळा, साडेआठची बस. परतल्यावर चहा घेऊन पुन्हा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलीय, सासूबाईंना विकतच्या नेवऱ्या (करंज्या) चालत नाहीत. आमचे हे, सांगितलं की सगळं करतात, तक्रार नाही. तरी रात्री दोनला जाग येते आणि डोक्यात कामांची रांग लागते. एखादं नीट वेळापत्रक आखून द्याल का?’

ताई, वेळापत्रक नाही देणार. तुमचं आहे तेच इतकं गच्च आहे की त्यात आणखी काही आखलं तर तेही एक कामच होईल.

नवऱ्याबद्दल ‘सांगितलं की करतात’ असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला नेमकं तिथंच खटकलं. सांगायचं म्हणजे आधी आठवायचं, कधी सांगायचं ते ठरवायचं आणि झालं का ते बघायचं. नारळ ते आणतात, पण घरातले नारळ संपत आलेत हे तुम्हीच लक्षात ठेवता. रात्री दोनला उठवतं ते हेच.

सुरुवात चवथीपासून करा. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांनी सजवलेली चौकट, अख्खी त्यांच्यावर सोपवा. चौकट माळ्यावरून काढणं, कांगलां, तोरिंगं अशी फळं, सुपारीची शिपटी (घड) कुठून आणि कधी आणायची हे ठरवणं, बांधणं, सगळं. यादी तुम्ही करून द्यायची नाही, ही अट. बाजारातून फोन आला तरी ‘तुम्हीच बघा’ म्हणायचं. एखादं फळ राहिलं तर राहू दे. गणपती रुसत नाही. पाहुणे नाक मुरडतील, पण वाढलेलं पान बघून विसरतील.

नेवऱ्या नैवेद्यापुरत्या घरी, वाटायच्या महिला बचत गटाकडून. गणपतीत असे गट ऑर्डर घेतात, पण आधी सांगावं लागतं. हा तोडगा सासूबाईंच्या कानावर घालायचं काम मुलाचं, सुनेचं नव्हे.

आता झोपेचं. संध्याकाळचा सहाचा चहा सोडा, निदान कमी करा. त्यातल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. झोपण्यापूर्वी उद्याची कामं कागदावर उतरवा आणि तो कागद फ्रिजवर लावा, सगळ्यांना दिसेल असा. जाग आलीच तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा, फोन मात्र नको. सकाळच्या बसमध्येही बाणस्तारीचा पूल येईपर्यंत फोन पर्समध्येच राहू दे. शाळेच्या ग्रुपवरचे निरोप तेवढा वेळ थांबतात.

एवढं करूनही महिनाभर झोप अशीच मोडत राहिली, छातीत धडधडलं किंवा उगाच रडू येऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि रात्री दोनलाही तो लागतो.