घमघमाट, दरवळ आणि परिमळ

शनेल नं. ५ या परफ्यूमविषयी मराठीत लिहिताना घमघमाट, दरवळ आणि परिमळ हे शब्द एकमेकांऐवजी वापरावेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते वापरू नयेत. कारण हे शब्द सुगंध कोणता आहे यापेक्षा तो कसा पसरतो हे सांगतात, आणि या परफ्यूमचे पसरणे तासागणिक पालटत जाते.

सुगंधकार अर्नेस्त बो यांनी 1921 साली फ्रेंच फॅशन-रचनाकार कोको शनेल यांच्यासाठी ते सिद्ध केले. त्यांनी पुढे ठेवलेल्या क्रमांकित नमुन्यांपैकी पाचवा शनेल यांनी निवडला आणि तोच आकडा नाव म्हणून राहिला. फ्रान्समधील ग्रास परिसरातील जाई, मे महिन्यात फुलणारा तिथलाच गुलाब आणि सीताफळाच्या कुळातील इलांग-इलांग ही त्यातील मुख्य फुले होत. (ग्रासच्या जस्मिनला अनेक जण मोगरा म्हणतात, पण मोगरा ही वेगळी जात आहे.) फुलांच्या जोडीला अल्डिहाइड या प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रव्यांची त्या काळाच्या मानाने धीट मात्रा आहे.

फवारताच अल्कोहोल उडून जाते आणि अल्डिहाइडांचा स्वच्छ, साबणासारखा, किंचित मेणचट गंध एकदम वर येतो. हा घमघमाट. साजूक तूप कढवताना घरभर होतो तोही घमघमाटच. त्यात भरगच्चपणा असतो आणि थोडा गाजावाजाही. ज्याला हा आरंभ सोसत नाही त्याने खुशाल भपकारा म्हणावे, मात्र त्या शब्दात नापसंती आलीच.

पुढे जाई आणि गुलाब वेगळे ओळखू येणार नाहीत इतके एकजीव होऊन पुढे येतात, तेव्हा दरवळ हा शब्द योग्य ठरतो. दरवळायला हवा लागते आणि अंतरही लागते. रातराणी दरवळते ती झाड दिसण्यापूर्वीच. बाटली नाकाशी धरून कोणी ‘दरवळ आला’ म्हणत नाही.

काही तासांनी जड, सावकाश उडणारी द्रव्ये तेवढी त्वचेवर उरतात: चंदन, वाळा, व्हॅनिला. आता मनगट जवळ आणावे लागते. इथे मी परिमळ लिहीन. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात परिमल म्हणजे घर्षणाने, मर्दनाने उठणारा मनोहर गंध. अंगाच्या उबेने सुटणाऱ्या गंधाला तो अर्थ शोभतो. मराठीत परिमळ कोणत्याही मंद सुगंधासाठी रूढ झाला आहे हे खरे, पण या जागी जुना अर्थही जागा होतो. त्याच कोशात दूरवर पसरणाऱ्या गंधाला आमोद म्हटले आहे. माणूस निघून गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या सुगंधासाठी तो नेमका शब्द ठरला असता. पण आज वाचक त्याचा अर्थ आनंद असाच घेईल, म्हणून तो वापरण्याचा हट्ट धरू नये.

या परफ्यूमला अत्तर मात्र म्हणू नये. पारंपरिक अत्तरात फुलांचा अर्क ऊर्ध्वपातनाने थेट चंदनतेलात उतरवतात. त्यात अल्कोहोल नसते, त्यामुळे वर सांगितलेला पहिला झोतही त्याला नसतो, आणि त्याचे वर्णन परिमळापासूनच सुरू करावे लागते.