हारूनची मुलूखगिरी

प्रश्न : काका नमस्कार, काल जेवताना आमच्याकडे वाद झाला. सासरे म्हणतात हारून अल रशीद म्हणजे वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून फिरणारा गोष्टीतला खलिफा, आणि मुलगा म्हणतो त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाला हरवलं होतं. खरं काय? आणि हरवलं तर मग मुलूख का नाही घेतला?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : मुलगा बरोबर आहे, पण सासऱ्यांना लगेच सांगू नका, आधी त्यांचं जेवण होऊ द्या.

802 मध्ये आयरीन राणीला हटवून निकेफोरस कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर आला. हा आधी खजिन्याचा अधिकारी, हिशेबात पक्का, त्यामुळे बगदादला जाणारी खंडणी त्याच्या डोळ्यात खुपली आणि त्याने ती बंदच केली. अरबी बखरकार सांगतात की त्याने हारूनला पत्र पाठवलं, आमच्या राणीने तुला हत्ती मानलं आणि स्वतःला प्यादं, आता घेतलेले पैसे परत कर. बुद्धिबळाची भाषा बघा! हारूनने त्याच पत्रामागे लिहून दिलं, 'रोमनांच्या कुत्र्या, उत्तर ऐकायला नाही, बघायला मिळेल.' पत्रं शब्दशः खरी असोत नसोत, 806 च्या उन्हाळ्यात सीरियातल्या रक्का शहरातून हारून स्वतः निघाला हे पक्कं. तबरी नावाचा बखरकार पगारी सैन्यच 1,35,000 सांगतो, स्वयंसेवक वेगळे, आता बखरीतले आकडे म्हणजे आपण काय ते समजायचं. महिनाभर वेढा घालून निकेफोरसचं हेराक्लिया हे तटबंदीचं शहर घेतलं आणि निकेफोरस तहाला आला, वर्षाला 30,000 सोन्याची नाणी, शिवाय स्वतःच्या आणि मुलाच्या डोक्यामागे प्रत्येकी तीन नाणी. ही सहा नाणीच खरी झोंबणारी, कारण डोईपट्टी रयत भरते, बादशहा नाही.

आणि मग गंमत. हेराक्लियात पकडलेली एक मुलगी निकेफोरसच्या मुलाची होणारी बायको निघाली, निकेफोरसने विनंती केली तर हारूनने तिला नटवून, तंबू अत्तरं वगैरे देऊन परत पाठवली, आणि तिकडून बदल्यात बहिरी ससाणे, शिकारी कुत्रे, घोडे आले.

आता मुलूख का नाही. अहो, बडोद्याच्या माणसाने हे विचारावं? गायकवाडांची फौज काठेवाडात मुलूखगिरीला जायची ती काय राज्य चालवायला जायची का, वसुली करायची आणि परत यायची, 1807 मध्ये वॉकर या इंग्रज अधिकाऱ्याने रकमा ठरवून दिल्या तोपर्यंत हेच चाललं. अरबांच्याही उन्हाळी स्वाऱ्या जवळपास दरवर्षी व्हायच्या, त्यांना साइफा म्हणत. टॉरस डोंगरापलीकडे (आजच्या तुर्कस्तानात) हिवाळ्यात फौज ठेवणं म्हणजे माणसं आणि घोडे मारणं, त्यात त्याच्याच राज्याच्या पूर्वेला, खुरासानात, बंड पेटलेलं. म्हणून हारून परतला, आणि त्याची पाठ फिरताच निकेफोरसने तहात मनाई असलेले किल्ले पुन्हा बांधायला घेतले. हारून 809 मध्ये खुरासानातल्या तूसला वारला, निकेफोरसला 811 मध्ये बल्गारांचा राजा क्रूम याने मारलं आणि कवटीला चांदी मढवून पेला केला म्हणतात.

प्रश्न : राजधानी कॉन्स्टँटिनोपल, मग रोमन कसे?
– रावपुरा, बडोदा

उत्तर : ते स्वतःला रोमनच म्हणवत, बायझंटाईन हे नाव नंतरच्या लोकांनी चिकटवलं. अरब त्या मुलुखाला रूम म्हणत, मौलाना रूमींच्या नावातला रूम तोच.